बारा आकडी नंबर आणि आपला तोडकरी

ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



दरवर्षी गळीत हंगामाच्या तोंडावर या अंकात माझा लेख असतो आणि तो बहुधा बेणेप्रक्रियेवर, नाही तर खोडव्यातील पाचट कुजविण्यावर असतो. एक ज्येष्ठ सभासद मला गट कार्यालयात म्हणाले, "साहेब, तुमचं पाचट दरवर्षी तेच, फक्त फोटो बदलतो." यंदा त्यांची सुटका आहे. यंदा उसावर न लिहिता ऊस तोडणाऱ्या माणसावर, आणि त्याच्या खिशातल्या बारा आकड्यांवर लिहावयाचे आहे. मी शेतकी पदविकेचा माणूस. संगणक, पोर्टल हा माझा प्रांत नव्हे. पण गेले काही हंगाम या नंबराने मला फडावर इतके फिरविले आहे की दोन शब्द लिहिण्याचा अधिकार आला असे वाटते.

आपल्यापैकी प्रत्येकाला कारखान्याने नंबर दिलेला आहे. सभासद नंबर वेगळा, लागण नोंदीचा वेगळा, काटा पावतीचा वेगळा. तुमचा ऊस कोणत्या गटातला, को ८६०३२ की को एम ०२६५, आडसाली की सुरू, लागण कोणत्या तारखेची, हे शेतकी खात्यातील कारकून बसल्या जागी एका मिनिटात सांगतो. पण तोच ऊस कोणी तोडला असे विचारा. नोंद निघते ती अशी: अमुक मुकादम, कोयते दहा. आपल्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. म्हणजे दहा कोयते ही वीस माणसे झाली. त्या विसांपैकी आपल्या दप्तरात नाव एकाचे, मुकादमाचे. बाकीची माणसे ऑक्टोबरच्या अखेरीस, दिवाळीच्या आगेमागे बीड, धाराशिव, जालन्याकडून येतात, पाच-सहा महिने आपल्या बांधावर राहतात, आपला ऊस गव्हाणीत पडेपर्यंत राबतात आणि पट्टा पडला की निघून जातात. जाताना आपल्या कागदावर त्यांची खूण राहत नाही.

एका रात्रीची हकिगत

सात-आठ हंगामांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी दुसऱ्या एका कारखान्याकडे गटाचे काम बघत होतो. त्या वर्षी मुकादमांनी उचल घेऊन पोबारा करण्याचे प्रकार फार झाले होते. वाहतूकदारांची बैठक भरली. जो तो हवालदिल. कोणी बायकोचे दागिने मोडले होते, कोणी जमीन तारण ठेवली होती. त्या बैठकीत उपाय म्हणून एक सूचना पुढे आली, आणि ती करणारा मीच होतो: "टोळी आली की सगळ्यांची आधार कार्डे जमा करून घ्या. हंगाम संपेपर्यंत तुमच्याकडे ठेवा. कार्डाशिवाय माणूस कुठं जाणार?" सर्वांनी मान डोलावली. मलाही आपण काही शहाणपणाचे बोललो असे वाटले.

जानेवारीत एके रात्री माझ्या गटातील एका टोळीतल्या बाईच्या पोटात कळा सुरू झाल्या. ट्रॅक्टरवर घालून तिला तालुक्याच्या गावी नेले. मलाही फोन आला म्हणून मी गेलो. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लगेच करावे लागेल, शासनाच्या आरोग्य योजनेत बसते, रेशन कार्ड आणि ओळखीचा पुरावा आणा. रेशन कार्ड गावाकडे सासूजवळ. आणि आधार कार्ड? ते वाहतूकदाराच्या घरी पत्र्याच्या पेटीत, रबराने बांधलेल्या बावीस कार्डांच्या गठ्ठ्यात. पेटीला कुलूप. वाहतूकदार लग्नाला परगावी गेलेला, किल्ली त्याच्या करगोट्याला. नंबर? बाईला पाठ नव्हता, नवऱ्यालाही नव्हता. शेवटी मुकादमाने रोख भरले. ऑपरेशन झाले, बाई वाचली. पण ती रक्कम मुकादमाच्या वहीत तिच्या नवऱ्याच्या नावे उचलीत चढली. सरकारच्या योजनेत फुकट होणारे काम त्या जोडप्याने पुढच्या हंगामात ऊस तोडून फेडले. वाहतूकदाराला मी दोष देत नाही. गठ्ठा करायला मी सांगितले होते.

ही हकिगत मी आजवर कोठे लिहिली नव्हती. पण आपल्या कार्यक्षेत्रातही काही ठिकाणी असे गठ्ठे अजून आहेत, हे मला ठाऊक आहे. म्हणून लिहिली.

हा नंबर मुळात कशासाठी

आधारची सुरुवात आपल्या महाराष्ट्रात झाली, हे पुष्कळांना माहीत नसते. नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात टेंभली नावाचे आदिवासी गाव आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक तेथील गावकऱ्यांना देण्यात आले. त्याच जिल्ह्यातून दरसाल माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. ज्याचे घर सहा महिने एका ठिकाणी आणि सहा महिने दुसऱ्या ठिकाणी, त्याला कोठेही गेला तरी 'हा मीच' असे सांगता यावे, ही त्यामागची कल्पना. नंबरावरून जात कळत नाही, गाव कळत नाही, उत्पन्न कळत नाही. बोट ठेवले की यंत्र एवढेच सांगते, हा तोच माणूस आहे किंवा नाही.

एक गंमत सांगतो. आपला स्लिपबॉय घाईत आकडे उलटसुलट लिहितो आणि मग एकाची स्लिप दुसऱ्याच्या नावे पडते, हे आपण सोसलेले आहे. आधारचा शेवटचा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे अदलाबदल झाले, तर हिशेब जुळत नाही आणि यंत्र नंबर घेत नाही. शिवाय हा नंबर ० किंवा १ ने कधी सुरू होत नाही. तेव्हा कोणी तसा नंबर लिहून दिला तर तो खोटा, एवढे डोळे झाकून समजावे. आपल्या काटा पावतीला असले काही करता येईल का, असे मी संगणक विभागाला विचारले आहे. उत्तर यायचे आहे.

विडी कामगार बाईकडे काय होते

सोलापूर शहरात ज्यांचे येणे-जाणे आहे त्यांनी पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायका पाहिल्या असतील. तीही कष्टाचीच जात, अंगावरचे काम, नगावर मजुरी. पण तिच्यात आणि आपल्या तोडकरणीत एक फरक पडला. १९७६ च्या विडी कामगार कल्याण निधी कायद्याने तिला ओळखपत्र मिळाले. फोटो, नाव, कारखान्याचे नाव. त्या पुठ्ठ्याच्या कार्डावर दवाखाना मिळाला, मुलांना शिष्यवृत्ती मिळाली. पुढे कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, तिचे लोकार्पण २००६ मध्ये झाले. त्याच कुंभारीत १९ जानेवारी २०२४ रोजी रे नगरमधील पंधरा हजार घरे असंघटित कामगारांच्या ताब्यात देण्यात आली. त्यामागे मोर्चे होते, संघटना होती, वर्षानुवर्षांचा पाठपुरावा होता, हे तर आहेच. पण आपण कोण, कोणते काम करतो, हे दाखवायला विडीवालीच्या हातात कागद होता. ऊस तोडणाऱ्या बाईने आयुष्यभर हजारो टन ऊस तोडला तरी तसे सांगणारा चिटोरा तिच्याजवळ नाही.

कायद्याचीही एक तऱ्हा बघा. १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. बीडचा माणूस आपल्याकडे सोलापुरात आला तर तो राज्य ओलांडत नाही, म्हणून तो कायदा त्याला नव्हता. तोच माणूस आमच्या हद्दीवरून चाळीस-पन्नास मैल पुढे विजयपूरच्या कारखान्याला गेला की कायदा लागू होत असे. कोयता तोच, ऊसही बहुधा तोच वाण, आणि माणूस मात्र कागदावर वेगळा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांतील सामाजिक सुरक्षा संहितेचे आधारसंबंधीचे १४२ वे कलम तर ३ मे २०२१ पासूनच अमलात आले होते. असंघटित कामगाराची नोंदणी आधारवर व्हावयाची, हे धोरण आता पक्के झाले आहे. ते आवडो न आवडो, त्याचा लाभ आपल्या फडावरच्या माणसाला कसा होईल तेवढे आपण पाहू.

ई-श्रम म्हणजे काय आणि काय नव्हे

केंद्र सरकारने २६ ऑगस्ट २०२१ रोजी ई-श्रम पोर्टल सुरू केले. करोनाच्या टाळेबंदीत माणसे पायी गावाकडे निघाली, तेव्हा कोण कोठे कामाला आहे याची नोंद देशात कोणाकडेच नाही हे उघड झाले होते. सर्वोच्च न्यायालयानेही नोंदणीबाबत सरकारला बजावले होते. १६ ते ५९ वयाच्या, प्रॉव्हिडंट फंड किंवा ईएसआयमध्ये नसलेल्या कोणाही असंघटित कामगाराने आधार घेऊन जावे, नोंदणी करावी, त्याला बारा आकडी नंबर मिळतो. नोंदणी फुकट आहे. देशात तीस कोटींहून अधिक लोकांनी ती केली आहे आणि त्यात निम्म्याहून जास्त बायका आहेत. मोबाईल आधारला जोडलेला असेल तर घरबसल्या होते, नसेल तर सामाईक सेवा केंद्रात बोट ठेवून होते. फॉर्ममध्ये 'स्थलांतरित आहात काय' असा प्रश्न असतो. तेथे केंद्रवाला घाईने 'नाही' टाकून मोकळा होतो. तोडकऱ्याचा फॉर्म भरताना तेथे 'होय' पडले की नाही ते बघावे.

आता एक घोटाळा सांगितला पाहिजे. ई-श्रमच्या नंबराला यूएएन म्हणतात. आपल्या कारखान्यातील कायम आणि हंगामी कामगारांच्या प्रॉव्हिडंट फंडाच्या नंबरालाही २०१४ पासून यूएएनच म्हणतात. दोन्ही बारा आकडी. आधारही बारा आकडी. माझ्यासमोर एका मुकादमाने तिन्ही नंबर एका वहीत एकाखाली एक लिहून ठेवले होते आणि कोणता कशाचा हे तोच विसरला होता. दिल्लीत बसून नावे ठेवणाऱ्यांनी फडावर येऊन एकदा ही वही वाचायला हवी होती.

दुसरा घोटाळा याहून महागात पडणारा आहे. ई-श्रम कार्ड काढले की दोन लाखांचा विमा आपोआप मिळतो अशी समजूत फडाफडांवर आहे. तसे नाही. ३१ मार्च २०२२ पर्यंत नोंदणी केलेल्यांना अपघाती मृत्यूबद्दल दोन लाखांच्या साहाय्याची तरतूद होती. त्यानंतर नोंदणी केलेल्याने विमा वेगळा घ्यावयाचा. बँकेत पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरला की वर्षाला वीस रुपये खात्यातून वळते होतात आणि अपघाती मृत्यूला दोन लाखांचे संरक्षण मिळते. वय १८ ते ७०. वीस रुपये. रात्री ट्रॉलीवर मोळ्या चढवताना फळी घसरते, डंपिंग यार्डात गाडी मागे येते, हे आपण दर हंगामात पाहतो. टोळीतल्या वीस माणसांचे चारशे रुपये होतात. वाहतूकदार एका डिझेल फेरीत त्याहून जास्त घालवतो.

राज्य शासनाचेही आपले असे एक दार आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे दहा रुपये आणि शासनाकडून तेवढीच रक्कम अशी तजवीज ठरलेली आहे. म्हणजे प्रत्येक टनामागे त्यात आपलाही पैसा आहे, हे ध्यानात असू द्यावे. २०२१ साली शासनाने ग्रामसेवकांमार्फत ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रे देण्यास सांगितले. संत भगवानबाबा यांच्या नावाने त्यांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजनाही त्याच वर्षी आली. अडचण एवढीच की नोंदणी गावात आणि माणूस फडात. दसऱ्याच्या आत गावी कागद झाला नाही तर पुढचे सहा महिने गेले. येथे आपला उपयोग होऊ शकतो. गावातील ग्रामसेवक विचारतो, तू ऊसतोडीला गेला होतास याला पुरावा काय? तो पुरावा कारखान्याने द्यावयाचा, आणि दप्तरात नावच नसेल तर तो द्यायचा कुठून?

रेशन

माझ्या मते तोडकऱ्याला या नंबराचा सर्वांत मोठा उपयोग रेशनचा आहे, आणि सर्वांत कमी माहितीही त्याचीच आहे. एक देश एक रेशन कार्ड ही पद्धत ऑगस्ट २०१९ मध्ये प्रथम ज्या दोन जोड्यांत सुरू झाली त्यांत एक जोडी महाराष्ट्र आणि गुजरात होती. जून २०२२ पर्यंत ती देशभर झाली. रेशन कार्ड आधारला जोडलेले असेल आणि ई-केवायसी झालेली असेल तर बीड जिल्ह्यातील कार्डावरचे धान्य माढ्यात, मोहोळात, माळशिरसात, कोठल्याही दुकानात यंत्रावर बोट ठेवून घेता येते. पाचांचे प्राधान्य कुटुंब असेल तर माणशी पाच किलोप्रमाणे महिन्याला पंचवीस किलो. सगळे एकदम घेतलेच पाहिजे असेही नाही. म्हातारी गावी असेल तर तिच्यापुरते ती गावी घेते आणि बाकीचे येथे घेता येते. एनएफएसए कार्डावरील हे धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे.

एवढे असून आमच्या फडावरच्या बायका किराणा दुकानातून गहू-तांदूळ विकत आणतात, तोही उधारीवर, आणि ती उधारीही मुकादमाच्या वहीत चढते. मी विचारले तर म्हणतात, "दुकानदार म्हणतो तुमचं कार्ड हितलं न्हाई." दुकानदाराचेही अगदीच खोटे नसते. त्याचा कोटा गावच्या कार्डांवर येतो आणि हंगामात अचानक चार टोळ्या आल्या तर तो बिचकतो. पण आपल्या भागातील पुष्कळ रेशन दुकाने विकास सोसायट्यांकडे आहेत, आणि सोसायट्यांवर संचालक कोण? आपणच. तहसीलच्या पुरवठा शाखेला हंगामाआधी 'आमच्या गावात एवढ्या टोळ्या येणार आहेत' असे लेखी कळविले तर धान्याची तजवीज करायला त्यांना वेळ मिळतो. हे काम चेअरमनच्या एका सहीचे आहे.

बोटे आणि नावे

येथवर सगळे सरळ वाटते. आता खरे खाचखळगे.

पहिला खाचखळगा बोटांचा. उजव्या हातात कोयता, डाव्या हातात उसाची कांडी, आणि पाचटाची धार दोन्ही हातांना. दहा हंगाम झाले की बोटांवरच्या रेषा गुळगुळीत होतात. यंत्र म्हणते 'जुळत नाही'. एका बाईने वैतागून मला हात दाखवले आणि म्हणाली, "ह्या हातानं ऊस तुटतो ते दिसतं, मशिनला हात दिसंना व्हय?" अशा वेळी दुकानदाराने माणसाला परत पाठवू नये. दहाही बोटे लावून बघावीत, एखादे जुळते. डोळ्याच्या बुबुळावरून, चेहऱ्यावरून किंवा मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीवरूनही ओळख पटवण्याची सोय झालेली आहे, मात्र प्रत्येक ठिकाणी प्रत्येक सोय असतेच असे नाही. आधार केंद्रात जाऊन बोटे नव्याने नोंदवता येतात. गावाकडून निघण्यापूर्वी ते केलेले बरे. लहान मुलांची बोटे वयाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी पुन्हा नोंदवावी लागतात. फडावरच्या मुलांचे ते बहुधा राहूनच गेलेले असते.

दुसरा खाचखळगा नावाचा. आपण सभासदांनीही तो भोगला आहे. सातबाऱ्यावर 'पांडुरंग', आधारवर इंग्रजीत 'पांडूरग', बँकेत आडनाव आधी, आणि पीएम किसानचा हप्ता अडकला. २०२५ साली शेतकरी ओळख क्रमांक काढताना हीच रांग पुन्हा लागली होती. तोडकरणीचे याहून अवघड. रेशन कार्डावर सासरचे नाव, आधारवर माहेरचे, आणि टोळीत सगळे तिला तिसऱ्याच नावाने हाका मारतात. जन्मतारखेचे तर विचारू नका. निम्म्या टोळीचा वाढदिवस १ जानेवारी! आधार काढताना तारीख ठाऊक नाही म्हणून ऑपरेटरने वर्ष अंदाजे घातले. त्या अंदाजात पन्नाशीची बाई साठीची झाली की तिला ई-श्रमचे दार बंद. तेव्हा नाव आणि वय दुरुस्त करणे हे क्षुल्लक काम नव्हे.

आणि नंबर पाठ करण्याचे. गेल्या हंगामात एका फडावर मी फॉर्म भरायला बसलो होतो. अकरा-बारा वर्षांची एक मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन उभी होती. आईचा नंबर विचारला तर तिने पाढा म्हणावा तसा म्हटला. मग बापाचा, मग आजीचा, मग चुलत्याचा. सगळे बरोबर. मी म्हटले, कोणी शिकवले? तर म्हणाली, "दुकानात सारखा इचारत्यात." शाळेत ती जानेवारीपासून गेली नव्हती.

वाहतूकदार सभासदांसाठी

मला माहीत आहे, इथवर वाचून काही वाहतूकदार सभासद म्हणत असतील, साहेबांना मजुरांचा पुळका आला, आमच्या बुडालेल्या उचलीचे काय? प्रश्न रास्त आहे. एका कोयत्यामागची उचल आता लाखाच्या घरात गेली आहे. एकच मुकादम तीन ठिकाणी करार करतो, तीच नावे तिन्हीकडे देतो आणि ऐन दसऱ्याला फोन बंद करतो. ट्रॅक्टर दारात उभा, बँकेचा हप्ता चालू. अशी घरे मी पाहिली आहेत.

पण मूळ कार्ड पेटीत ठेवून यातले काय थांबले? पळणारा मुकादम कार्डे द्यायला थांबत नाही. कार्ड अडकते ते आलेल्या, राबणाऱ्या माणसाचे. आणि उचलीपोटी माणसाला अडकवून ठेवणे हे १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात कोठे जाऊन पोहोचते, ते वकिलाला एकदा विचारून घ्यावे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगी व्यवहारात आधारची सक्ती करता येणार नाही असे सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर माणसाने स्वखुशीने दाखवले तर त्यावरून ओळख पटवता येते. एवढे आपल्याला पुरेसे आहे. कार्डावर चौकोनी ठिपक्यांची जाळी असते. आधार प्राधिकरणाचे ॲप मोबाईलवर घेऊन ती जाळी त्यात धरली की खरे नाव आणि फोटो दिसतो. कार्ड बनावट असेल तर तेथेच उघडे पडते. करार करताना मुकादमाच्या शब्दावर वीस नावे न लिहिता वीस माणसांना समोर उभे करून हे करावे. उचल रोख न देता ज्याची त्याच्या बँक खात्यात द्यावी, म्हणजे मुकादमाने किती दिले आणि किती मध्येच ठेवले हा वाद राहत नाही. कराराला जोडायला झेरॉक्स हवी असेल तर पहिले आठ आकडे झाकलेले आधार चालते, ते प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून काढता येते. उघड्या नंबरांच्या झेरॉक्स ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ग्रीसच्या डब्याखाली पडलेल्या मी पाहिल्या आहेत. आपल्या स्वतःच्या सातबाऱ्याची आणि पासबुकाची अशी गत आपण होऊ देऊ का?

याने सगळी बुडवाबुडवी थांबेल असे मी म्हणत नाही. पण खोट्या नावांची टोळी कागदावर उभी करणे अवघड होईल, आणि तुमचा दावा कोर्टात गेला तर 'कोयते दहा' याऐवजी वीस खरी नावे असतील.

या हंगामात

शेतकी खात्याच्या तोडणी-वाहतूक करार फॉर्ममध्ये यंदा एक पुरवणी जोडली आहे. त्यात टोळीतील प्रत्येक स्त्री-पुरुषाचे नाव वेगळ्या ओळीवर लिहावयाचे आहे. बायकोचे नाव नवऱ्याच्या ओळीत घालू नये. पुढे गाव, आधारचे शेवटचे चार आकडे, ई-श्रम नोंदणी आहे की नाही, वीस रुपयांचा विमा आहे की नाही, रेशन कार्ड जोडलेले आहे की नाही, एवढेच रकाने आहेत. पूर्ण आधार क्रमांक आम्ही मागणार नाही आणि कोणी लिहून दिला तर खोडू. हंगाम संपताना याच यादीवरून प्रत्येकाला, बायकांनाही, 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत या कारखान्याकडे ऊसतोडणी केली' असा सही-शिक्क्याचा दाखला मिळेल, म्हणजे गावी ग्रामसेवकापुढे ठेवायला कागद होईल. टोळ्या आल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक गट कार्यालयात सेवा केंद्राचा माणूस संध्याकाळी सहानंतर बसेल, कारण दिवसा तोडकरी येऊ शकत नाही. ज्या सभासदांच्या रानात कोप्या पडल्या आहेत त्यांनी टोळीला निरोप द्यावा आणि जमल्यास गाडीची सोय करावी.

वाहतूकदार सभासदांनी करार नोंदविण्यास येताना मजुरांची मूळ कार्डे सोबत आणू नयेत. पूर्वीची कोणाची जमा असतील तर ती ज्याची त्याच्या हाती परत देऊन, मिळाल्याची त्याची सही किंवा अंगठा पुरवणीवर घ्यावा. तो रकाना कोरा असल्यास करार नोंदवहीत चढणार नाही, असे शेतकी कमिटीच्या सभेत ठरले आहे. अंगठा उमटत नसेल तर दुसरे बोट चालेल.